आमरी: रानातली आणि शेतातली

लग्नसराईत दादरच्या फूलबाजारात जांभळ्या-पांढऱ्या डेंड्रोबियमच्या जुड्या येतात. दांडीच्या टोकाला पाण्याची इवलीशी प्लास्टिकची नळी, पाकळ्या मेणासारख्या जाड आणि टिकाऊ. यातला बराच माल थायलंडहून विमानानं येतो. थोडा कोकण-गोव्याकडच्या शेडनेटमधूनही येतो, पण तिथलीही रोपं बहुधा थायलंडचीच. मांडवाच्या कमानीपासून हॉटेलातल्या फुलदाणीपर्यंत सगळीकडे ती दिसतात आणि जंगलाशी त्यांचा संबंध कित्येक पिढ्यांपूर्वीच सुटलेला आहे. साधारण याच हंगामाच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आसपास, सह्याद्रीतल्या एखाद्या जुन्या आंब्याच्या फांदीवरून सीतेच्या वेणीचा गुलाबी ठिपक्यांचा घोस लोंबू लागतो. तिला कुणी पाणी घातलेलं नसतं, खत घातलेलं नसतं.

दोन्ही आमरीच, म्हणजे ऑर्किड. जगात या कुळाच्या सुमारे 28 हजार जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागानं 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथात भारतातल्या 1,256 जातींची नोंद आहे. त्यांतल्या 388 भारताबाहेर कुठंच सापडत नाहीत आणि अशा प्रदेशनिष्ठ जातींपैकी जवळपास एक-तृतीयांश पश्चिम घाटात आहेत. या कुळाच्या संवर्धनाबद्दल गेली पन्नास वर्षं जो वाद चालू आहे, त्याचा गाभा एका प्रश्नात मावतो: शेतात पिकणाऱ्या आमरीमुळे रानातली आमरी वाचते का? होय म्हणणाऱ्यांकडे पुरावे आहेत, नाही म्हणणाऱ्यांकडेही आहेत. हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी विचारला जातोय, असं म्हणणारा तिसरा गटही आता मोठा झाला आहे.

धुळीएवढं बी

वाद समजायचा तर आधी बी पाहावं लागतं. आमरीची शेंग पिकून तडकली की तिच्यातून पिवळसर भुकटी उडते. ती भुकटी म्हणजेच बिया. एका शेंगेत त्या हजारोंनी, काही जातींत लाखांनी असतात. हरभऱ्याच्या किंवा मक्याच्या दाण्यात कोंबाची शिदोरी बांधलेली असते. आमरीच्या बीत तसलं काहीच नाही. पातळ जाळीदार आवरण आणि आत मोजक्या पेशींचा गर्भ, बस्स. वाऱ्यानं दूर जाण्यासाठी या झाडानं बीचं ओझं इतकं उतरवलं, की रुजण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं.

हा दुसरा म्हणजे जमिनीतली किंवा सालीवरची सूक्ष्म बुरशी. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बेर्नार यांनी 1899 मध्ये तिचं काम ओळखलं. बुरशीचे तंतू बीत शिरतात, गर्भ ते पचवतो आणि त्यांतून मिळणाऱ्या साखरेवर फुगतो. योग्य बुरशी भेटली नाही तर लाखातलं एकही बी उगवत नाही. रानात म्हणूनच शेंगा भरपूर आणि रोपं मोजकी, असं दृश्य असतं.

1922 मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या ल्यूइस नुडसन यांनी दाखवून दिलं, की बुरशीशिवायही भागतं. निर्जंतुक बाटलीत आगर, क्षार आणि साखर दिली की बी उगवतं. आज कुठल्याही ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत हेच चालतं. शेंग तडकायच्या आधी, हिरवी असतानाच काढतात. ती वरून निर्जंतुक करतात, स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवरून फिरवतात. शुद्ध हवेच्या झोताखाली ती उभी चिरून आतली पूड आगरवर पसरतात. काही आठवडे काहीच घडत नाही. मग काचेआड मोहरीपेक्षा बारीक हिरवे मणी दिसू लागतात, त्यांना केसाळ मुळं फुटतात, टोकाशी पहिलं पान वर येतं. दाटी झाली की रोपं नव्या बाटलीत हलवायची. वर्ष-दीड वर्षानं मुळांना चिकटलेलं आगर धुऊन ती नारळाच्या सोडणात किंवा कोळशाच्या तुकड्यांत लावायची. बाटलीतून बाहेर येण्याचे हे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक. थोडी हवा कोंडली, थोडं पाणी जास्त झालं, की ट्रेच्या ट्रे कुजतात.

1960 मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी पुढची पायरी गाठली. कोंबाच्या टोकातल्या पेशींपासून सिम्बिडियमची हुबेहूब रोपं करता येतात, हे त्यांनी दाखवलं. पूर्वी एका उत्तम झाडाचे तुकडे करून चार-पाच रोपं मिळत, ती आता हजारांनी मिळू लागली. श्रीमंतांच्या काचघरातली आमरी सुपरमार्केटच्या फळीवर आली ती इथून. नेदरलँड्स आणि तैवान आज फॅलेनॉप्सिसची कोट्यवधी रोपं तयार करतात.

वेडाची शंभर वर्षं

त्याआधीचा इतिहास लुटीचा आहे. विल्यम स्वेन्सन यांनी 1818 मध्ये ब्राझीलहून पाठवलेल्या झाडांत एक मोठ्या जांभळ्या फुलाची आमरी होती. जॉन लिंडली यांनी विल्यम कॅटली या बागप्रेमीच्या नावावरून तिला कॅटलिया लॅबियाटा म्हटलं. इंग्लंडमध्ये तिनं खूळ लावलं, पण तिचं मूळ ठिकाण पुढची सत्तरेक वर्षं कुणाला नीट सापडलं नाही. ती बांधाबांधीच्या पेंढ्यासारखी वापरली गेली होती, ही गोष्ट अजून रंगवून सांगतात. तिच्यात तथ्यापेक्षा मसालाच जास्त.

भारताचा वाटाही या इतिहासात मोठा आहे. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर 1850 मध्ये खासी टेकड्यांत फिरत होते. निळ्या वांडाची, म्हणजे वांडा सेरुलियाची झाडं त्यांनी सात माणसांच्या ओझ्याएवढी गोळा करून इंग्लंडला रवाना केली. त्यांतली फारच थोडी जिवंत पोहोचली. ती जागा पाहायला एका गृहस्थानं आपला माळी हूकर यांच्याबरोबर पाठवला होता. त्यानं एकाच माणसाच्या ओझ्याएवढी झाडं धाडली आणि ती खिळखिळ्या अवस्थेत पोहोचूनही 300 पौंडांना विकली गेली. हूकर यांनी ही हकीगत स्वतःच आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली आहे.

शतकाच्या अखेरीस हा धंदा आणखी उघडावाघडा झाला. अल्बर्ट मिलिकन यांचं कोलंबियातल्या भटकंतीचं पुस्तक 1891 मध्ये आलं. ओडोंटोग्लोसमची सुमारे दहा हजार झाडं मिळवण्यासाठी चारेक हजार वृक्ष तोडले, असं त्यात सरळ लिहिलेलं आहे. लपवावं असं त्यात काही आहे, हेच त्या काळी कुणाला वाटत नव्हतं. लपवली जायची ती जागा. सेंट ऑल्बन्सचे व्यापारी फ्रेडरिक सँडर यांनी 1880 च्या दशकात बोर्निओतली एक देखणी पॅफिओपेडिलम बाजारात आणली आणि प्रतिस्पर्ध्यांना चकवण्यासाठी ती न्यू गिनीची असल्याचं पसरवलं. किनाबालूच्या उतारांवर ती पुन्हा सापडायला 1959 उजाडलं.

संकरही याच काळात सुरू झाले. इंग्लंडमधल्या व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी यांनी केलेल्या कॅलँथीच्या संकराला 1856 मध्ये फूल आलं. माणसानं केलेला, फुलापर्यंत पोहोचलेला हा पहिला आमरी-संकर. तिथून बाजाराचा ओढा हळूहळू रानातल्या झाडाकडून घडवलेल्या झाडाकडे वळला. पण पूर्ण वळला नाही, आणि वाद नेमका त्या उरलेल्या भागाबद्दल आहे.

कायद्यानं आखलेली रेघ

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार, सायटिस, 1973 मध्ये झाला आणि जुलै 1975 पासून अमलात आला. त्यात काही अपवाद सोडता आमरीचं अख्खं कुळ दुसऱ्या परिशिष्टात आहे: व्यापार चालेल, पण परवान्यानं. त्यामुळे सायटिसमधल्या एकूण जातींपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जाती एकट्या आमरीच्या आहेत. वाघ-हत्ती-गेंडा यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या कराराचं हे अंतरंग फारसं कुणाला ठाऊक नसतं. वहाणेच्या आकाराच्या फुलांच्या पॅफिओपेडिलम आणि फ्रॅग्मिपेडियम या दोन प्रजाती 1989 च्या बैठकीत पहिल्या परिशिष्टात गेल्या. रानातून काढलेल्या त्यांच्या झाडांचा व्यापार तेव्हापासून बंद आहे. निर्जंतुक बाटलीत वाढवलेल्या रोपांना मात्र परवान्यातून सूट आहे, अर्थात मूळ झाड कायदेशीर असेल तरच.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींचं प्रकरण 1991 मध्ये घातलं गेलं. त्यात संरक्षण मिळालेल्या सहा नोंदींपैकी तीन आमरींच्या आहेत: निळा वांडा, लाल वांडा म्हणजे रेनँथेरा इम्शूटियाना, आणि पॅफिओपेडिलम. 2022 च्या दुरुस्तीनं अनुसूचींचे क्रमांक बदलले, ही झाडं कायम राहिली. पश्चिम घाटातल्या बहुतेक आमरी या यादीत नाहीत. अभयारण्यातली झाडं वन्यजीव कायद्यानं राखली जातात; खासगी मालकीच्या डोंगरातल्या किंवा गावाशेजारच्या रायवळ आंब्यावरच्या आमरीला तेवढंही कवच नाही.

पिकवलं तर वाचेल?

पहिली बाजू सोप्या अर्थशास्त्राची. लोकांना फूल हवं आहे. ते स्वस्त, निरोगी आणि मुबलक मिळालं तर रानात जाऊन काढण्यात फायदा उरत नाही. या बाजूचा लाडका दाखला निळा वांडाच. सँडेरियाना या फिलिपिनी जातीशी त्याचा संकर 1931 मध्ये नोंदला गेला. पुढं थायलंडच्या रोपवाटिकांनी निवड करत-करत अशी रोपं तयार केली, की त्यांच्यापुढे रानातलं मूळ झाड फिकं दिसतं. 2004 च्या सायटिस बैठकीत निळा वांडा पहिल्या परिशिष्टातून दुसऱ्यात उतरवला गेला. कृत्रिमरीत्या वाढवलेल्या झाडांनीच बाजार भरला आहे, हे त्यामागचं महत्त्वाचं कारण होतं. सिक्कीममध्ये पाकयोंगला 1996 पासून चालू असलेलं राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्रही याच भूमिकेवर उभं आहे. डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याला सिम्बिडियममधून उत्पन्न मिळालं, तर त्याला आमरीबद्दल आस्था वाटेल, हा तिथला हिशेब.

या बाजूचे लोक बंदीकडे बोट दाखवून म्हणतात, की तिनं चोरांपेक्षा प्रामाणिक रोपवाटिकांनाच जास्त छळलं. पेरूमध्ये सापडलेल्या फ्रॅग्मिपेडियम कोवाचीची कहाणी ते नेहमी सांगतात. तळहाताएवढं, गडद किरमिजी फूल. गेल्या शतकभरात आमरीत असं काही आलं नव्हतं, असं शौकिनांचं मत. 2002 मध्ये एका अमेरिकी व्यापाऱ्यानं ते पेरूतल्या रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून घेतलं आणि परवान्याविना फ्लोरिडातल्या एका वनस्पती उद्यानात नेलं. तिथल्या अभ्यासकांनी घाईघाईनं वर्णन छापून त्याला त्या व्यापाऱ्याचंच नाव दिलं. खटला झाला, उद्यानाला दंड झाला, व्यापाऱ्यालाही झाला. पुढं पेरूनं काही स्थानिक रोपवाटिकांना मोजकी झाडं कायदेशीर काढू दिली. त्यांच्या बियांपासून बाटलीतली रोपं जगभर गेली आणि किंमत उतरली.

याच कहाणीचा उत्तरार्ध दुसरी बाजू सांगते. कायदेशीर रोपं बाजारात यायला वर्षं लागली, तेवढ्यात सापडलेल्या वसाहती ओरबाडून साफ झाल्या. बी पेरल्यापासून फूल येईपर्यंतच्या काळात चोराला मोकळं रान मिळतं. नव्या जातीच्या बाबतीत हाच काळ जीवघेणा ठरतो. व्हिएतनाममधल्या पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्सचं वर्णन 1999 मध्ये झालं आणि चारेक वर्षांत ती रानातून जवळपास संपल्याच्या बातम्या आल्या. 2010 मध्ये वर्णन झालेल्या पॅफिओपेडिलम कॅनीच्या नशिबीही काही महिन्यांतच तेच आलं.

हौस, दुर्मीळपणा आणि आडवाट

पिकवण्याच्या बाजूचा हिशेब गिऱ्हाईक फुलासाठी येतं असं गृहीत धरतो. पण संग्राहक फुलासाठी येतोच असं नाही. त्याला दुसऱ्या कुणाकडे नसलेलं झाड हवं असतं, आणि झाड जितकं दुर्मीळ तितकी त्याची किंमत चढी. अशा माणसाला संकराची लाख रोपं दाखवली तरी त्याची भूक भागत नाही.

जेकब फेल्प्स आणि एडवर्ड वेब यांनी आग्नेय आशियातल्या मोठ्या बाजारांची पाहणी करून 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांना विक्रीला ठेवलेल्या 347 जातींच्या रानटी आमरी आढळल्या. सरकारी आकडेवारीत मात्र या व्यापाराचा पत्ताच नव्हता. संशोधकांनी त्याला ‘अदृश्य व्यापार’ म्हटलं. एमी हिन्सली आणि सहकाऱ्यांनी समाजमाध्यमांवरच्या संग्राहक-गटांचा अभ्यास केला, तिथंही रानातून काढलेली झाडं उघड विकली जाताना दिसली. कायदेशीर रोपवाटिका हे अशा मालाचं आडोशाचं ठिकाण ठरू शकते, ही भीती दुसरी बाजू पुनःपुन्हा मांडते. शेडनेटमध्ये दोन वर्षं ठेवलेलं रानटी झाड रोपवाटिकेतल्या झाडासारखंच दिसतं. कस्टमच्या अधिकाऱ्यानं पानांवरचे किड्यांचे ओरखडे आणि मुळांना चिकटलेली साल पाहून ओळखावं, अशी अपेक्षा असते. फूल नसलेल्या आमरीची जात ओळखणं तज्ज्ञालाही अवघड जातं. विमानतळावरच्या माणसाची गत काय सांगावी.

यावर शौकिनांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकून घेण्याजोगी आहे. आमरीच्या कित्येक जाती शौकिनांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, त्यांच्या बिया प्रयोगशाळांना दिल्या. इंग्लंडमध्ये सिप्रिपेडियम कॅल्सिओलस एके काळी यॉर्कशरच्या एका झाडापुरती उरली होती. 1930 मध्ये ते झाड सापडल्यावर काही निष्ठावंतांनी त्याची जागा गुप्त ठेवून पहारा दिला. क्यू उद्यानानं 1980 च्या दशकात तिची रोपं प्रयोगशाळेत वाढवायला घेतली आणि नंतर ती रानात परत लावली. ज्या वेडानं ही आमरी उपटली गेली, त्याच वेडानं ती राखलीही.

फुलासाठी नव्हे, कंदासाठी

फुलांच्या चर्चेत एक मोठा व्यापार नजरेआड राहतो: औषध आणि अन्न. च्यवनप्राशच्या डब्यावर अष्टवर्ग हा शब्द असतो. त्यातल्या आठ वनस्पतींपैकी जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार हिमालयातल्या जमिनीवरच्या आमरी मानल्या जातात. पहिल्या दोन मॅलॅक्सिस गटातल्या, उरलेल्या दोन हबेनारिया. कंद काढला की झाड संपतं. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त अष्टवर्गातल्या द्रव्यांना विदारीकंद, शतावरी, अश्वगंधा, वाराहीकंद असे पर्याय सांगितले आहेत, कारण ती राजालाही दुर्लभ होती. म्हणजे टंचाई आजची नाही. पर्यायी द्रव्यांवर काम भागवावं की मूळ द्रव्यांची लागवड करावी, यावर आयुर्वेद क्षेत्रात अजून एकवाक्यता नाही.

तुर्कस्तानात आमरीच्या कंदांची सालेप नावाची भुकटी आइस्क्रीम आणि गरम पेयात पडते. एक किलो भुकटीला हजाराहून अधिक कंद लागतात. झांबियात कंद आणि शेंगदाण्याच्या कुटाची चिकांडा नावाची वडी आवडीनं खातात. तिथले कंद संपत आले तशी मागणी टांझानियाकडे सरकली, आणि तिथलं कितुलो पठार 2005 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. या व्यापारात संग्राहक नाही, दुर्मीळपणाची हौस नाही. गरीब घरांतल्या बायका-मुलं कंद खणतात आणि गरीबच ते खातात. इथं बंदीची भाषा फार पुढं जात नाही.

चीनमधला शिहू, म्हणजे डेंड्रोबियम कॅटेनेटम, हा या वादातला सर्वांत बोलका दाखला. त्याची लागवड तिथं औद्योगिक प्रमाणावर होते. पिकवण्याच्या बाजूचा हिशेब खरा असता तर रानातल्या शिहूला कुणी हात लावला नसता. पण रानातला शिहू जास्त गुणकारी, ही समजूत पक्की असल्यानं त्याला कित्येक पटींनी भाव मिळतो. हाँग लिउ आणि त्यांचे सहकारी यांनी यातून मधला मार्ग सुचवला: ग्रीनहाउसऐवजी जंगलातल्या झाडांवर आणि कड्यांवर स्थानिक वाणाचा शिहू लावावा, थोडा काढावा, थोडा तिथंच फुलू द्यावा. शेतकऱ्याला ‘रानटी’ मालाचा भाव मिळतो आणि झाड परत जागेवर जातं. टीकाकार विचारतात, की मग लावलेलं कोणतं आणि मूळचं कोणतं, हे ओळखायचं कुणी?

घर राहिलं तर

तिसऱ्या गटाला हा सगळा वाद अर्धवट वाटतो. त्यांच्या लेखी व्यापारापेक्षा मोठा शत्रू कुऱ्हाड आहे. झाडावरची आमरी वाचवायची तर झाड वाचवायला हवं, जमिनीवरची वाचवायची तर मातीतली बुरशी आणि फुलाला येणारा किडा. सुमारे एक-तृतीयांश आमरी किड्याला मध न देता फसवून परागीभवन साधतात, आणि पुष्कळशा एखाददुसऱ्या किड्यावरच विसंबून असतात.

सह्याद्रीतला वाघचौरा, म्हणजे पेक्टिलिस जायगँटिया, पावसाळ्यात जवळून पाहावा. पांढऱ्या शुभ्र ओठाच्या बाजूच्या पाकळ्या कातरीनं झालर कापावी तशा चिरलेल्या असतात. फुलाच्या मागून दहा-बारा सेंटिमीटरची हिरवी पोकळ शेपटी खाली उतरते आणि मध तिच्या तळाशी असतो. संध्याकाळनंतर वास दरवळतो. एवढ्या लांब सोंडेचा पतंगच तिथं पोहोचणार. मादागास्करच्या अशाच, पण सुमारे तीस सेंटिमीटर शेपटीच्या आमरीवरून चार्ल्स डार्विन यांनी 1862 मध्ये तेवढ्या सोंडेच्या पतंगाचं भाकीत केलं होतं. तो पतंग 1903 मध्ये शास्त्राला सापडला. वाघचौऱ्याचं रोप बाटलीत करता येईल, पतंगाचं काय? त्याच्या अळीला लागणारी झाडं, रात्रीचा अंधार, कीटकनाशकविरहित शिवार हे कुठल्या बाटलीत घालणार?

कास पठारावर याच प्रश्नाचं दुसरं रूप दिसलं. 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाबरोबर कास आलं, गर्दी लोटली आणि फुलं वाचवण्यासाठी कुंपण घातलं गेलं. कुंपणानं गुरंही थांबली. चराई बंद झाल्यानं उंच गवत माजून हबेनारियासारख्या बुटक्या झाडांना अडचण होते, असं काही अभ्यासक आणि गावकरी म्हणू लागले. चराई आणि पायदळी तुडवणं यांत फरक करायला हवा, असं इतरांचं म्हणणं. पुढं कुंपण काढलं गेलं, पण किती गुरं, कोणत्या महिन्यात, कुठं, या प्रश्नांची उत्तरं दीर्घकाळच्या मोजणीशिवाय मिळणार नाहीत. पठार राखणं म्हणजे त्याला हात न लावणं, हे तिथं तरी उघडपणे चालत नाही.

झाडावरच्या आमरींसाठी सह्याद्रीत देवराया आणि जुनी रायवळ आंब्याची झाडं ही मोठी आश्रयस्थानं. रायवळ आंब्याचं लाकूड पेट्यांना आणि जळणाला जातं. मोठं झाड पडलं की त्याच्या खरबरीत सालीवर दशकानुदशकं वाढलेले सीतेच्या वेणीचे आणि एरिडिसचे झुबके एका दिवसात जमिनीवर येतात. निसर्गप्रेमी गट अशी झाडं उचलून दुसऱ्या फांद्यांना बांधतात. हे काम मोलाचं आहे, पण त्यातली किती जगतात, त्यांना नंतर शेंगा धरतात का, त्या शेंगांतून नवी रोपं उगवतात का, याच्या व्यवस्थित नोंदी फार थोड्या ठिकाणी ठेवल्या जातात.

न मिटलेले मुद्दे

रानात परत लावण्याच्या प्रयोगांनी नवे प्रश्न उभे केले आहेत. सिंगापूरच्या राष्ट्रीय उद्यान मंडळानं 1995 पासून स्थानिक आमरींची रोपं बाटलीत वाढवून रस्त्याकडेच्या आणि उद्यानांतल्या झाडांवर लावली. ग्रॅमॅटोफायलम स्पेसिओसम ही महाकाय आमरी त्यातली पहिली. झाडं वाढली, फुललीही. पण मूठभर आईझाडांच्या बियांपासून केलेली रोपं हजारोंनी लावली, तर पुढच्या पिढ्यांची विविधता अरुंद होते का? दुसऱ्या डोंगरावरच्या बियांनी ती रुंद करावी, की त्यामुळे स्थानिक वाण बिघडेल? या दोन भीतींमधला तोल कुठं साधायचा, यावर जनुकशास्त्रज्ञांचंही एकमत नाही.

माहिती उघड करण्याबद्दलही दोन मतं आहेत. नवी जात सापडली की तिचं नेमकं ठिकाण देणं ही शास्त्राची जुनी शिस्त. व्हिएतनामच्या उदाहरणांनंतर अनेक अभ्यासक ते मोघम ठेवतात. आयनॅचरलिस्टसारखी संकेतस्थळंही धोक्यातल्या जातींच्या नोंदींचं ठिकाण आपोआप पुसट करतात. यावर दुसऱ्यांचा आक्षेप असा, की ठिकाण ठाऊक नसेल तर तिथून रस्ता किंवा खाण जाताना हरकत घेणार कोण?

सायटिस करारातही ओढाताण आहे. अख्खं कुळ दुसऱ्या परिशिष्टात ठेवल्यानं शाम्पूत घातलेल्या अर्कालाही परवाना लागायचा. 2019 च्या जिनिव्हा बैठकीत काही ठरावीक जातींच्या कृत्रिमरीत्या वाढवलेल्या झाडांपासून केलेली सौंदर्यप्रसाधनं वगळली गेली. या सुटीमुळे पुढं आणखी मागण्या येतील, असं एका बाजूला वाटतं. यंत्रणेचा वेळ खऱ्या चोरीसाठी मोकळा झाला, असं दुसऱ्या बाजूला.

या सगळ्याच्या मुळाशी एक मोठी उणीव आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीसाठी आमरीच्या एकूण जातींपैकी थोड्याच तपासल्या गेल्या आहेत. म्हणून एखादी जात बाजारामुळे घटली की जंगलतोडीमुळे, हे बहुतेक वेळा अंदाजानंच सांगावं लागतं. हाती असलेल्या दाखल्यांतून एवढं मात्र दिसतं, की गिऱ्हाईक कोण, यावर लागवडीचा परिणाम ठरतो. मांडव सजवणाऱ्याला थायलंडची दांडी पुरते, संग्राहकाला पुरत नाही, आणि औषधासाठी घेणाऱ्याला पुरते की नाही हे त्याच्या विश्वासावर ठरतं.

पश्चिम घाटापुरतं बोलायचं तर इथल्या एरिडिस, डेंड्रोबियम आणि हबेनारियाच्या जातींवर बी रुजवण्याचे प्रयोग विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत झाले आहेत. ती रोपं कुठल्या देवराईत, कुणाच्या देखरेखीखाली लावायची, आणि त्यांच्यापासून कधी विक्री करायची झाली तर तिचा वाटा त्या गावाला जैवविविधता कायद्याखाली कसा द्यायचा, हे ठरवायचं काम अजून बाकी आहे. गावपातळीवरच्या जैवविविधता समित्या कागदावर जवळपास सर्वत्र आहेत. त्यांच्या नोंदवह्यांत गावच्या झाडांवरच्या आमरींची नावं किती ठिकाणी लिहिली गेली, हे आधी पाहावं लागेल.